मशीन लर्निंगची पाइपलाइन कोडमधून कशी सुरू करायची आणि ते नीट कसं लिहून ठेवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टीममध्ये नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात तो हेच प्रश्न विचारतो. प्रत्येकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं, म्हणून हे पान. सगळं अपाची एअरफ्लो (ठरलेल्या क्रमाने कामं चालवणारं साधन) समोर ठेवून लिहिलं आहे, कारण माझं रोजचं काम त्यावर चालतं. बाकीच्या साधनांबद्दल एक प्रश्न पुढे आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: कांद्याच्या भावाचा अंदाज. लासलगावसारख्या बाजार समितीच्या दिवसभराच्या आकड्यांची फाइल येते. तीत क्विंटलमधली आवक आणि कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण दर असतात. फाइल आली की पाइपलाइन आकडे तपासते, मॉडेल नव्याने शिकवते, चालू मॉडेलशी तुलना करते आणि नवं बरं निघालं तर त्याची नोंद करते.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, अंडरस्कोअरसकट टाइप करायची.

वेळापत्रक लावलेलं असताना कोडमधून ट्रिगर, म्हणजे सुरू, करायची गरज काय?

समजा पाइपलाइन रोज संध्याकाळी सहाला लावली आहे. एखाद्या दिवशी आवक जास्त होते, लिलाव लांबतात, फाइल साडेसातला येते. सहाची पाइपलाइन कालचीच फाइल उचलते, तिच्यावर मॉडेल शिकवते आणि स्क्रीनवर हिरवी खूण उमटते. कुठेही चूक दिसत नाही, आणि हाच त्यातला धोका. सणावाराला बाजार बंद असतो, तेव्हा नवं काहीच आलेलं नसताना जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारा महाग प्रोसेसर) फुकट जळतो.

काम घड्याळाला बांधलेलं नसून घटनेला बांधलेलं असेल तर घटनेनेच ते सुरू करावं. फाइल आली, ट्रेनिंगचा कोड मुख्य शाखेत मर्ज झाला, चालू मॉडेलची चूक ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली, या सगळ्या घटना आहेत. डेटा खरोखरच ठरलेल्या वेळी येत असेल तर मात्र वेळापत्रकच ठेवा, ते जास्त सोपं आहे.

इंटरनेटवर सापडलेलं उदाहरण आमच्याकडे चालत नाही. का?

बहुतेक वेळा आवृत्तीमुळे. एअरफ्लोची सुरुवात २०१४ मध्ये एअरबीएनबीमध्ये मॅक्सिम बोशमाँ यांनी केली. २०१९ मध्ये तो अपाचीचा मुख्य दर्जाचा प्रकल्प झाला. त्या काळातल्या १.१० आवृत्तीत बाहेरून ट्रिगर करण्यासाठी एक प्रायोगिक एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे मागणी करायची ठरलेली पद्धत) होता, आणि जुन्या उत्तरांत अजून तोच दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये २.० आली आणि तिच्यासोबत स्थिर रेस्ट एपीआय आला. त्याच्या पत्त्यात 'व्ही१' असतं. एप्रिल २०२५ मध्ये ३.० आली, तिथे पत्त्यात 'व्ही२' आहे आणि लॉगिनची पद्धतही वेगळी आहे.

म्हणून कुठलंही उदाहरण उचलण्याआधी त्याची आवृत्ती बघा. आणि स्वतः लिहिताना पहिल्या ओळीत आवृत्ती लिहा. ही एक ओळ नसल्यामुळे लोकांचा अख्खा दिवस गेलेला मी पाहिला आहे.

प्रत्यक्ष रिक्वेस्ट कशी असते?

एक पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरला माहिती पाठवणारी मागणी. पत्ता असा घडतो: आधी सर्व्हरचा पत्ता, मग 'एपीआय', मग आवृत्ती, मग 'डॅग्ज', मग तुमच्या डॅगचं नाव आणि शेवटी 'डॅगरन्स'. डॅग म्हणजे कामांची साखळी, कुठलं काम कुणानंतर हे सांगणारी पायथन फाइल. डॅगरन म्हणजे ती साखळी एकदा चालवणं.

रिक्वेस्टच्या पोटात जेसन जातं, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. 'डॅग रन आयडी' म्हणजे या रनचं नाव. 'कॉन्फ' म्हणजे तुम्ही पाठवत असलेले पॅरामीटर. 'लॉजिकल डेट' म्हणजे हा रन कुठल्या वेळेचा समजायचा ती तारीख. ३.० मध्ये लॉजिकल डेट हे फील्ड लिहावंच लागतं, त्याची किंमत नल (म्हणजे रिकामी) दिली तरी चालते. २ वरून ३ वर जाताना सगळ्यात जास्त जण इथे अडखळतात: जुनी रिक्वेस्ट जशीच्या तशी पाठवतात आणि ४२२ हा चूक सांगणारा आकडा परत येतो.

ओळख पटवण्यासाठी २.x मध्ये अनेक ठिकाणी नाव आणि पासवर्ड थेट रिक्वेस्टसोबत जातात, अर्थात तुमच्या प्रशासकाने ती सोय चालू केली असेल तर. ३ मध्ये आधी टोकन (ओळख पटवणारा तात्पुरता मजकूर) मागायचं आणि मग प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये ते बेअरर म्हणून लावायचं. टोकनची मुदत संपते, त्यामुळे ते एकदा घेऊन फाइलमध्ये चिकटवून ठेवू नका. स्क्रिप्टनेच गरज पडेल तेव्हा नवं घ्यावं.

सर्व्हरकडून २०० हा 'ठीक' सांगणारा आकडा आला. म्हणजे ट्रेनिंग झालं ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून उत्तर जरा लांब देते.

२०० चा अर्थ एवढाच की तुमची मागणी नोंदवली गेली. उत्तरात रनचं नाव येतं आणि 'स्टेट' मध्ये लिहिलेलं असतं 'क्यूड', म्हणजे रांगेत. रनची सुरुवात व्हायची आहे, डेटा वाचायचा आहे, मॉडेल शिकायचं आहे. दळण गिरणीत ठेवून आलो म्हणजे पीठ घरी आलं असं होत नाही, तसंच.

पुढे काय झालं ते कळायला त्याच पत्त्याच्या शेवटी रनचं नाव जोडून गेट रिक्वेस्ट करायची. अवस्था चार: क्यूड, रनिंग, सक्सेस, फेल्ड. दर सेकंदाला विचारू नका. ट्रेनिंगला चाळीस मिनिटं लागत असतील तर मिनिटाला एकदा विचारणं पुष्कळ झालं. त्याहून चांगलं म्हणजे पाइपलाइनच्या शेवटच्या कामानेच निरोप पाठवावा. आणि विचारत राहणाऱ्या स्क्रिप्टला वरची मर्यादा हवी: दोन तासांत निकाल लागला नाही तर थांब आणि माणसाला कळव.

रन कितीही वेळ रांगेतच दिसतो. बिघडलं काय?

आधी डॅग पॉज केलेला आहे का ते बघा. नवा डॅग टाकला की एअरफ्लो त्याला मुळातच पॉज करून ठेवतो. अशा डॅगला एपीआयमधून ट्रिगर केलं तर चूक येत नाही, २०० येतो, रन तयार होतो आणि रांगेत बसून राहतो. पॉज काढला की अडकलेले सगळे रन एकामागून एक सुटतात, हेही लक्षात ठेवा.

पॉज नसेल तर 'मॅक्स ॲक्टिव्ह रन्स' (एका वेळी किती रन चालू शकतात ती मर्यादा) बघा, तिथे आधीचे रन जागा अडवून बसलेले असू शकतात. तेही नसेल तर शेड्युलर, म्हणजे एअरफ्लोचा रन सुरू करणारा भाग, जिवंत आहे का ते तपासा.

चूक सांगणारे आकडे कसे वाचायचे?

४०१: ओळख पटली नाही, बहुतेक टोकन संपलं. ४०३: ओळख पटली पण परवानगी नाही. ४०४: डॅगचं नाव चुकलं, किंवा डॅगच्या फाइलमध्ये चूक असल्यामुळे एअरफ्लोला तो वाचताच आला नाही. ४००, आणि तिसऱ्या आवृत्तीत ४२२: पाठवलेलं जेसन नियमात बसत नाही. ४०९: या नावाचा रन आधीच आहे.

शेवटचा सोडून बाकीचे समजायला सोपे आहेत. ४०९ ला वेगळा प्रश्न द्यावा लागेल.

एकच ट्रिगर दोनदा गेला तर?

जाणारच, असं धरून चाला. नेटवर्कवर उत्तर हरवतं, स्क्रिप्ट पुन्हा प्रयत्न करते. ॲमेझॉनच्या एस३ या फाइली साठवायच्या सेवेत फाइल आल्याची सूचना 'किमान एकदा' पोचेल अशी हमी असते. किमान एकदा याचा अर्थ कधीतरी दोनदा. गूगलच्या पब-सब या संदेश पोचवणाऱ्या सेवेचं मूळ वागणंही तसंच.

काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी काम करत होते. तिथे फाइलवर नजर ठेवणारी एक स्क्रिप्ट होती आणि तिचा टाइमआउट दहा सेकंदांचा होता. एके दिवशी सर्व्हर जरा मंद होता. रिक्वेस्ट पोचली, रन तयार झाला, पण उत्तर यायला दहाहून जास्त सेकंद लागले. स्क्रिप्टला वाटलं रिक्वेस्ट गेलीच नाही, तिने पुन्हा पाठवली. दोन रन उभे राहिले. दोघांनी तीच फाइल वाचली आणि दोघांनी एकाच फोल्डरमध्ये लिहिलं. डेटाची विभागणी रँडम होती, त्यामुळे दोघांचे निकाल थोडे वेगळे. शेवटी फोल्डरमध्ये मॉडेल एका रनचं आणि आकडे एका मापात आणणारी स्केलरची फाइल दुसऱ्या रनची, अशी सरमिसळ झाली. तीन दिवस अंदाज किंचित चुकत राहिले आणि आम्ही डेटात खोट शोधत बसलो. उत्तर रनच्या यादीत समोरच होतं: 'मॅन्युअल' या शब्दाने सुरू होणारी दोन नावं, त्यांच्या पुढच्या वेळांत अकरा सेकंदांचं अंतर.

तुम्ही रनचं नाव दिलं नाही तर एअरफ्लो वेळेवरून स्वतःच नाव बनवतो. दोन रिक्वेस्टची वेळ वेगळी, म्हणून नावं वेगळी, म्हणून दोन रन. इलाज त्यातच आहे: नाव तुम्ही द्या, आणि ते घटनेवरून बनवा. आमच्याकडे नाव असं बनतं: बाजाराचं नाव, बाजाराची तारीख आणि फाइलच्या चेकसमची (आतल्या मजकुरावरून काढलेल्या खुणेची) पहिली आठ अक्षरं. तीच फाइल पुन्हा आली तर तेच नाव बनतं आणि एअरफ्लो ४०९ देतो. आपल्या स्क्रिप्टने ४०९ ला अपयश समजू नये. 'हे काम आधीच लागलं आहे' असा त्याचा अर्थ घ्यावा आणि त्या रनची अवस्था विचारावी. समितीने दुरुस्त करून फाइल पुन्हा दिली तर चेकसम बदलतो, नाव बदलतं आणि नवा रन रीतसर सुरू होतो.

नावात वेळ किंवा रँडम आकडा घालू नका, सगळी मेहनत वाया जाते. आणखी एक, आपल्याकडे हमखास होणारी चूक: एअरफ्लो रनच्या नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं स्वीकारतो. 'लासलगाव' देवनागरीत लिहिलं किंवा फाइलचा पूर्ण मार्ग तिरक्या रेघांसकट टाकला तर नाव नाकारलं जातं. कॉन्फच्या आत मराठी मजकूर खुशाल घाला, तिथे अडचण नाही.

मग मुद्दाम पुन्हा चालवायचं असेल तर?

आधीचा रन एपीआयमधूनच क्लिअर करता येतो, म्हणजे त्याच नावाखाली कामं पुन्हा चालतात. किंवा नावाच्या शेवटी 'पुन्हा-२' असं काही रोमन अक्षरांत जोडा. मात्र हा निर्णय माणसाने घ्यावा. स्क्रिप्टला आपणहून नाव बदलायची मुभा देऊ नका.

कॉन्फमध्ये काय पाठवायचं आणि काय नाही?

पत्ता पाठवा, माल पाठवू नका. फाइल कुठे आहे, कुठल्या तारखेची आहे, मागचे किती दिवस घ्यायचे, एवढं पुरे. एका सहकाऱ्याने अख्खी सीएसव्ही कॉन्फमध्ये कोंबली होती. कॉन्फ एअरफ्लोच्या डेटाबेसमध्ये कायम राहतं आणि स्क्रीनवर परवानगी असलेल्या प्रत्येकाला दिसतं. त्याच कारणाने पासवर्ड आणि किल्ल्या तिथे कधीही नकोत. त्यांच्यासाठी एअरफ्लोची कनेक्शन्स आहेत.

डॅगमध्ये 'पॅराम्स' वापरून प्रत्येक पॅरामीटरचा प्रकार आणि मर्यादा लिहून ठेवता येतात. तसं केलं तर चुकीचा आकडा दारातच अडवला जातो, अर्ध्या तासाने ट्रेनिंगच्या मध्यावर नाही. मी हे आता प्रत्येक डॅगला सक्तीचं केलं आहे.

एक बारकावा. टेम्प्लेटमधून (कामाच्या मजकुरात रनच्या वेळी भरल्या जाणाऱ्या जागेतून) घेतलेली किंमत मुळात अक्षरांच्या रूपात येते. तुम्ही ३० हा आकडा पाठवलात तरी कामाच्या हातात '३०' ही अक्षरं पडतात, आणि तुलना करताना गडबड होते. त्यावर दोन उपाय: डॅगवर टेम्प्लेटची किंमत मूळ प्रकारात द्यायचा पर्याय चालू करा, किंवा कामाच्या पहिल्या ओळीत स्वतः आकड्यात बदला.

रात्री दोनला लावलेला रन आदल्या दिवशीचा का दिसतो?

एअरफ्लो आतून यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, विचार करतो आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. १५ तारखेच्या रात्री दोन वाजता यूटीसीत १४ तारखेचे साडेआठ वाजलेले असतात, संध्याकाळचे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात ट्रिगर झालेल्या प्रत्येक रनला हा फटका बसतो. टेम्प्लेटमधला 'डीएस' हा शब्द यूटीसीचीच तारीख देतो. शिवाय ३ मध्ये लॉजिकल डेट नल पाठवली असेल तर 'डीएस' मिळतच नाही, आणि त्यावर विसंबलेलं काम कोसळतं.

आम्ही यातून एकच नियम काढला: पाइपलाइनच्या आत 'आज' हा शब्द नको. बाजाराची तारीख कॉन्फमध्ये स्पष्ट पाठवायची आणि प्रत्येक कामाने तीच वाचायची. मग रन दोन महिन्यांनी पुन्हा चालवला तरी तो त्याच दिवसाचं काम करतो. लॉजिकल डेट लिहायचीच असेल तर शेवटी अधिक साडेपाचचा ऑफसेट लिहायला विसरू नका.

एकदम पन्नास फाइली आल्या तर पन्नास ट्रेनिंग लागतील का?

मूळ सेटिंगमध्ये एका डॅगचे एका वेळी सोळा रन चालू शकतात, बाकीचे रांगेत. डेटा हलवणाऱ्या डॅगला सोळा ठीक आहेत. एका जीपीयूवर ट्रेनिंग करणाऱ्या डॅगला सोळा म्हणजे चेंगराचेंगरी. ट्रेनिंगच्या डॅगला मॅक्स ॲक्टिव्ह रन्स एक ठेवा.

तरी पन्नास रन एकामागून एक चालतीलच, आणि त्यातले एकोणपन्नास निरुपयोगी ठरतील. म्हणून फाइली जमा करणारा डॅग वेगळा ठेवा आणि ट्रेनिंगचा वेगळा. पहिला प्रत्येक फाइलला चालतो, स्वस्त असतो. दुसरा 'आजच्या सगळ्या समित्यांच्या फाइली आल्या' असं झाल्यावर एकदाच.

एका पाइपलाइनने दुसरीला कसं सुरू करायचं?

दोन रस्ते. 'ट्रिगर डॅग रन ऑपरेटर' (ऑपरेटर म्हणजे कामाचा तयार साचा) वापरला की पहिला डॅग दुसऱ्याला नाव घेऊन हाक मारतो, हवं तर तो संपेपर्यंत थांबतोही. दुसरा रस्ता २.४ पासून आलेल्या डेटासेट्सचा, ज्यांना ३ मध्ये ॲसेट्स म्हणतात: पहिला डॅग फक्त 'हा डेटा ताजा झाला' असं जाहीर करतो आणि त्या डेटावर अवलंबून असलेले डॅग आपोआप सुरू होतात. माझा कौल दुसऱ्याला. पहिल्या रस्त्यात पहिल्या डॅगला कोण कोण आपल्यावर अवलंबून आहे हे पाठ असावं लागतं.

फेऱ्यापासून सावध राहा. पाइपलाइन ज्या फोल्डरवर नजर ठेवून सुरू होते त्याच फोल्डरमध्ये तिने निकाल लिहिला, तर ती स्वतःलाच पुन्हा सुरू करते, पुन्हा लिहिते, पुन्हा सुरू होते. क्लाउडचं बिल बघितल्यावर कळतं. येणाऱ्याचं आणि जाणाऱ्याचं फोल्डर वेगळं हवं.

ट्रिगर करायची परवानगी कुणाला द्यायची?

स्क्रिप्टसाठी वेगळं खातं काढा. माणसाच्या खात्यावर स्क्रिप्ट चालवली की तो माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी पाइपलाइन बंद पडते. त्या खात्याला ज्या डॅगची गरज आहे तेवढ्याचीच परवानगी द्या. टोकन पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे लिहू नका, पत्ते लॉगमध्ये जसेच्या तसे उतरतात.

बाहेरून वेबहुक (घटना घडल्यावर दुसऱ्या सेवेने आपणहून पाठवलेली रिक्वेस्ट) येत असेल तर सही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. गिटहब प्रत्येक वेबहुकसोबत, सीक्रेट ठेवलेलं असेल तर, एसएचए-२५६ ने केलेली सही हेडरमध्ये पाठवतो. तीच गणना आपण आपल्या बाजूला करून जुळते का बघायचं.

चालू रन कोडमधून थांबवता येतो का?

येतो. रनच्या पत्त्यावर पॅच रिक्वेस्ट करून त्याची अवस्था 'फेल्ड' करायची, चालू कामं मारली जातात. पण एअरफ्लोच्या कामाने दुसरीकडे, म्हणजे क्लाउडवर किंवा क्लस्टरवर ट्रेनिंग लावलेलं असेल, तर ते आपोआप थांबेलच असं नाही. ऑपरेटरमध्ये 'मारलं जाताना काय करायचं' ते लिहिलेलं असेल तरच थांबतं. थांबवल्यावर तिकडे जाऊन डोळ्यांनी बघा.

दुसरं साधन वापरत असू तर यातलं काय कामाचं?

शब्द बदलतात, प्रश्न तेच राहतात. ॲमेझॉनच्या सेजमेकर पाइपलाइन्समध्ये 'स्टार्ट पाइपलाइन एक्झिक्यूशन' अशी हाक आहे. तिच्यात 'क्लायंट रिक्वेस्ट टोकन' नावाचं फील्ड असतं, कमीत कमी ३२ अक्षरांचं. आपण रनच्या नावाने जे साधलं तेच ते टोकन साधतं, पुन्हा तेच पाठवलं तर नवा रन होत नाही. तिथे पॅरामीटरच्या किमती सगळ्या अक्षरांच्या रूपातच जातात. गूगलच्या व्हर्टेक्स एआयमध्ये 'सबमिट' केलं की स्क्रिप्ट मोकळी होते, 'रन' केलं की मूळ वागण्यात ती निकालापर्यंत थांबते. क्युबफ्लोमध्ये क्लायंटकडून पॅकेज देऊन रन तयार करतात, आणि तिथे कॅशिंगकडे लक्ष हवं: इनपुट तेच दिसलं तर तो टप्पा चालवलाच जात नाही, जुना निकाल वापरला जातो. फाइलचं नाव तेच आणि आतला मजकूर नवा असेल तर हे महागात पडतं.

हे सगळं लिहून ठेवताना नेमकं काय लिहायचं? एपीआयचं पान तर आपोआप तयार होतं.

आपोआप तयार होणारं पान उपयोगाचं आहे, पण ते एअरफ्लोबद्दल सांगतं. तुमच्या पाइपलाइनबद्दल त्याला काही माहीत नाही. कॉन्फमध्ये काहीही जेसन चालतं एवढंच ते म्हणेल. 'मागचे दिवस' म्हणजे बाजार चालू असलेले दिवस की कॅलेंडरचे दिवस, हे तुम्हीच सांगायचं आहे.

एका पॅरामीटरची आमची नोंद जशीच्या तशी देते. 'विंडो डेज: मागची किती दिवसांची आवक आणि दर घ्यायचे. पूर्ण संख्या. कॅलेंडरचे दिवस, बंद दिवस धरून. दिलं नाही तर ३०. ७ पेक्षा कमी दिल्यास रिक्वेस्ट नाकारली जाते. ९० च्या पुढे गेलात तर आधी जीपीयूची जागा बघा.' पाच-सहा छोटी वाक्यं आहेत, पण प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी एकदा चुकलेलं आहे.

त्याशिवाय एक पूर्ण उदाहरण हवं, पहिल्या रिक्वेस्टपासून रनची शेवटची अवस्था कळेपर्यंत. उत्तरसुद्धा पूर्ण छापा, 'क्यूड' या शब्दासकट, म्हणजे २०० बघून कुणी घरी जाणार नाही. दोनदा पाठवलं तर काय होतं ते लिहा. साधारण किती वेळ लागतो ते लिहा, नाहीतर माणूस दहाव्या मिनिटाला घाबरून रन मारतो. थांबवायचं कसं, लॉग कुठे बघायचा, रात्री अडलं तर कुणाला फोन करायचा, हेही. माणसाचं नाव नको, जबाबदारीचं नाव लिहा.

आणि लिहिलेलं तपासा. आमच्याकडे पद्धत आहे की नवा माणूस पहिल्या दिवशी फक्त पान वाचून चाचणीच्या सर्व्हरवर एक रन लावतो, शेजारी बसलेल्याने तोंड उघडायचं नाही. तो जिथे अडतो तिथे पान चुकलेलं असतं, आणि दुरुस्ती त्यानेच करायची. पानातलं उदाहरण आम्ही रोजच्या चाचण्यांतही चालवतो. आवृत्ती बदलली आणि उदाहरण मोडलं की चाचणी लाल होते, वाचणाऱ्याला कळण्याआधी आम्हाला कळतं.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

जे पान रात्री अकराला घाईत वाचलं जाणार आहे ते टीम ज्या भाषेत बोलते त्या भाषेत असावं. आमची टीम मराठीत बोलते. 'रन अडकला', 'डॅग पॉज आहे का बघ', असंच आम्ही म्हणतो आणि असंच लिहितो. ट्रिगरला 'चालना' आणि पाइपलाइनला 'नलिका' म्हणायचा अट्टहास केला नाही, कारण मग शोधताना काहीच सापडत नाही. फील्डची नावं मूळ पानात रोमन अक्षरांत, स्पष्टीकरण मराठीत. ज्या टीममध्ये मराठी न वाचणारा एकही माणूस आहे तिथे मात्र इंग्रजीतच लिहा.

खरं ट्रेनिंग न लावता ट्रिगर तपासता येतो का?

हो. एअरफ्लोच्या कमांडमध्ये 'डॅग्ज टेस्ट' आहे, ती शेड्युलरशिवाय पूर्ण डॅग एकदा चालवून दाखवते. पण तिच्यातून तुमची एपीआयची रिक्वेस्ट तपासली जात नाही. त्यासाठी कॉन्फमध्ये 'ड्राय रन' असा एक होय-नाही पॅरामीटर ठेवा: होय असेल तर डेटा वाचायचा, शंभर ओळींवर मॉडेल शिकवायचं आणि नोंद करायची नाही. टोकनपासून शेवटच्या निरोपापर्यंत सगळा रस्ता दोन मिनिटांत पालथा घालता येतो.

ट्रिगर आलाच नाही तर कसं कळणार?

हा प्रश्न क्वचित कुणी विचारतं आणि तोच सगळ्यात जास्त रात्री खातो. वेळापत्रकाचा रन फसला तर लाल खूण दिसते. घटनेवरचा ट्रिगर आला नाही तर काहीच दिसत नाही, कारण फसायला रनच नसतो. फाइलवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर उठलीच नाही, सूचनेचा पत्ता बदलला, किल्लीची मुदत संपली, सगळीकडे परिणाम तोच: शांतता.

त्यासाठी एक छोटा डॅग वेळापत्रकावर ठेवा. आमचा रात्री दहाला चालतो. तो रनची यादी एपीआयकडून मागतो आणि आजच्या बाजाराच्या तारखेचा एक तरी रन सक्सेस झाला आहे का ते बघतो. नसेल तर आधी आज कुठल्या समित्या बंद होत्या ती यादी तपासतो आणि मगच निरोप पाठवतो, नाहीतर प्रत्येक सणाला फोन वाजतो आणि लोक निरोप वाचणं सोडून देतात. ती यादी आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हाताने भरतो. अचानक ठरलेला बंद तिच्यात नसतो. अशा रात्री निरोप येतो, ज्याची पाळी असेल तो बाजार बंद असल्याची खात्री करून ती तारीख यादीत घालतो आणि झोपतो.